तोंडात धरलेला घोट

बाबा, राग आवरायची तुमची एकच रीत होती. माठातलं पाणी घ्यायचं, घोट तोंडात धरायचा आणि कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत गिळायचा नाही. सरकारी क्वार्टरच्या त्या चिमुकल्या स्वयंपाकघरात तुम्ही गाल फुगवून उभे राहायचात आणि आई कणीक मळता मळता तोंड फिरवून हसायची.

त्या दिवशी ती हसली नाही. तुम्ही ऑफिसातून आलात ते सांगतच, की बढतीला लेखी नकार दिला. आता ती तुमच्या हाताखालच्या सहकाऱ्याला मिळेल, त्याची बायको आजारी असते, बढतीबरोबर मिळणाऱ्या मोठ्या क्वार्टरची गरज त्याला जास्त. आई महिनाभर मनातल्या मनात त्याच क्वार्टरच्या पुढच्या खोलीत शिवणाचा वर्ग मांडत होती. मशीन कुठल्या खिडकीशी ठेवायचं तेही ठरलं होतं. ती कणीक मळत राहिली. मी तोंड उघडलं तशी तुम्ही पेला पुढे सरकवलात. ‘‘आधी घोट घे.’’ मी घेतला आणि पहिल्या शिट्टीआधीच गिळून टाकला. ‘‘बाबा, त्याग तुमचा, पण खोली आईची गेली. तिला विचारलंत?’’

‘‘ज्याला स्वतःला आवरता येत नाही, त्याने दुसऱ्याला शिकवू नये,’’ म्हणालात, आणि आठवडाभर अबोला. ते माझं पहिलं भाषण. श्रोते दोन.

तेव्हापासून मी बोलतेच आहे, कारखान्यांच्या फाटकांवर, कॉलेजांत, लोकांनी खुर्च्या उचलायला घेतल्या तरी. मन मारणं म्हणजे मन जिंकणं नव्हे, हे मी तुम्हाला आजही तोंडावर सांगेन. तुम्ही थोर होतात, बाबा, पण तुमच्या थोरपणाचं ओझं आईने वाहिलं.

आता मी गुडगावात राहते, अकराव्या मजल्यावर. खाली, शेजारच्या जमिनीत, गेल्या वर्षीपर्यंत मोहरी पिकायची. सोसायटीने ठरवलं की कामवाल्या बायकांनी सामानाच्या लिफ्टनेच जायचं. मी सभेत उभी राहिले. अपमान, माणुसकी, सगळं बोलले, आणि टाळ्यांच्या भरात जाहीर करून टाकलं, ‘‘हमारी बहनें उस लिफ्ट में पाँव नहीं रखेंगी!’’

दुसऱ्या दिवशी माझ्याकडे काम करणारी बाई उशिरा आली. धापा टाकत दारातच बसली. माझ्या घोषणेनंतर त्या लिफ्टने जायची तिला लाज वाटली होती, रहिवाशांच्या लिफ्टमध्ये तिला घेत नव्हते. तिने पदराने तोंड पुसलं. ‘‘दीदी, बोलीं आप बहुत अच्छा। सीढ़ियाँ तो मुझे चढ़नी हैं। एक बार पूछ लेतीं।’’

माझं वाक्य, बाबा. तुम्हाला विचारलेलं.

म्हणून मी बोलणं सोडेन असं समजू नका. सोडणार नाही. फक्त पुढच्या सभेत उभी ती राहिली, मी तिच्या शेजारी बसले. ती अडखळत होती, भलतीकडेच जात होती. सेक्रेटरी घड्याळ बघत होता. तिचं प्रत्येक वाक्य मला पुरं करायचं होतं. पण तिने स्वतःच, स्वतःच्या शब्दांत, रहिवाशांचीच लिफ्ट मागितली. निर्णय अजून व्हायचाय.

हे पत्र तुमच्या जुन्या चष्म्याच्या डबीत घडी करून ठेवतेय. तुमच्यापुढे मी कबूल केलं नसतं, पण ती बोलत होती तेवढा सगळा वेळ मी पाण्याचा घोट तोंडात धरून बसले होते.