पंचकल्याणी

निपाणी,
आषाढ, १९३८

प्रिय मनुवहिनी,

तुझ्या नागूचा नमस्कार. हे पत्र परशराम तुला वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे. अर्ध्यावर घडी घालून ‘आत्या खुशाल आहे’ एवढंच सांगायची त्याची खोड मला माहीत आहे, म्हणून आधीच बजावते. परशरामा, बाळा, ओळन् ओळ मोठ्याने वाच. ओसरीवर अण्णा सुपारी कातरत बसला असेल, त्यालाही ऐकू जाऊ दे. माझं बरं चाललं आहे. शाळा भरू लागली आहे, छप्पर एका जागी गळतं, तिथे मी पाण्याची घागर ठेवली आहे आणि मुली तिच्याभोवती गोल करून पाढे म्हणतात. घरात सध्या मी एकटी नाही, पण ते शेवटी सांगेन.

भरमू गाडीभाडं घेऊन इकडे आला होता, त्याच्याकडून तांबडा खोंड गेल्याचं कळलं. फार वाईट वाटलं गं. दिवाळीत आले होते तेव्हा तू त्याला हाताने भाकरी चारत होतीस आणि तो तुझा पदर चघळत होता. यंदा त्याला औताला लावायचा म्हणून अण्णाने नवी वेसणही आणून ठेवली होती. ते ऐकल्यापासून मला मात्र सारखी आपली चंद्री आठवते आहे. चंद्रीची ती गोष्ट आपण दोघी कधी बोललो नाही. तू बोलू दिलं नाहीस. आज तू लांब आहेस आणि वाचणारा दुसराच आहे, तेव्हा मला कोण अडवणार?

चंद्री तुझ्या माहेरहून आलेली. कपाळावर चांदणी, चारी पाय गुडघ्यापर्यंत पांढरे. पंचकल्याणी म्हैस म्हणून साऱ्या कंग्राळीत तिचा तोरा होता. बेळगावला कज्ज्याच्या तारखेला निघालेली माणसं वाकडी वाट करून आपल्या गोठ्यात डोकावायची, तिचं तोंड बघितलं की निकाल आपल्या बाजूने लागतो म्हणायची. तू तिचं दूध बेळगावच्या कँपात घालायचीस, आणि घरात तुझ्या शब्दाला जे वजन होतं ते बरंचसं तिच्या कासेमुळे होतं. हे मी नाही, तूच हसत हसत म्हणायचीस.

आणि त्याच घरात मी खानापूरहून आले. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, ते तापाने गेले, आणि सासरच्यांनी माझ्यावर ‘पांढऱ्या पायाची’ असा शिक्का मारून धाडून दिलं. मी उंबरा ओलांडला त्याच संध्याकाळी चंद्री व्याली. रेडी झाली, चीक भरपूर निघाला, सगळे खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्री बसली ती उठेना. मान वळवून कुशीवर टाकलेली, कान गार, रवंथ बंद, समोर पेंड धरली तरी बघेना. दिवस वर येईपर्यंत अर्धा गाव गोठ्यात होता. कोणी काढा पाजायला आणला, कोणी डाग द्यायला विळा चुलीत घातला. आणि मग जे मी खानापुरात ऐकून आले होते, तेच शब्द माझ्या माहेरच्या अंगणात उमटले. आई रडत होती, पण बोलली नाही. अण्णा, माझा सख्खा भाऊ, तोही बोलला नाही. त्याने नुसती गाडी जुंपली आणि माझं गाठोडं आत ठेवलं. (अण्णा, सुपारी कातरायचा थांबलास ना? रागाने लिहीत नाही रे. गावाची तोंडं बंद करायला तुला त्या वेळी दुसरं काही सुचलं नाही, हे मी जाणते.) खानापूरच्या त्या घरात परत गेले असते तर मी फार दिवस जगले नसते, हे मला गाडीत बसताना स्वच्छ कळत होतं.

तू मात्र कुठे दिसत नव्हतीस. मला वाटलं, जिची म्हैस जाते आहे ती माझं तोंड कशाला बघेल? तू रिकामी चरवी घेऊन, रोज दूध घालायला निघायचीस तशी बेळगावची वाट धरली होतीस, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. कँपात जाता-येता ढोरांचा सरकारी दवाखाना तू बघितला होतास. तिथून तू बाबगोंडा डॉक्टरांना घेऊन आलीस. ते सायकलवर पुढे, आणि तू मागून जवळजवळ पळत. घाईघाईत उतरून त्यांनी सायकल टेकवली ती नेमकी आमच्या गाडीच्या चाकाला. सरकारी माणसाची सायकल हलवायची छाती अण्णाला होईना, म्हणून गाडी निघेना. मी गाडीत बसून सगळं बघत राहिले.

डॉक्टरांनी आधी काढ्याचा तांब्या बाजूला करायला लावला, हिचा घसा ढिला पडला आहे, पाजलेलं सगळं फुप्फुसात जाईल म्हणाले. मग कान चाचपले, डोळ्याच्या कडेला बोट लावलं तरी पापणी मिटत नाही हे बघितलं, आणि प्रश्न विचारत सुटले. कितवं वेत, कधी व्याली, दूध किती देते, चीक सगळा काढला का. तू एकटी उत्तरं देत होतीस. घरात नवीन कोण आलं, हे त्यांनी विचारलंच नाही. माझे कान त्याच प्रश्नाकडे लागले होते. तो आला नाही तेव्हा मला पहिल्यांदा श्वास घेता आला.

पुढचं आठवलं की अजून हसू येतं. त्यांच्या पेटीतला पंप नेमका फाटलेला, म्हणून त्यांनी सायकलचा पंप काढला. नळी उकळून घेतली, मध्ये कापसाचा बोळा बसवला, आणि एकेका सडातून कासेत हवा भरायला लागले. म्हातारा रवळू म्हणाला, म्हैस पंक्चर झालिया व्हय, डाक्टर? सगळे हसले, डॉक्टरही हसले, पण हात थांबला नाही. कास टम्म झाल्यावर मऊ कापडाच्या पट्ट्यांनी सड बांधले. मग सगळ्यांना सांगितलं, की फार दुधाच्या म्हशीला व्याल्यावर हे होतं. अंगातलं बळ एकाएकी कासेत उतरतं. हवेने कास दाटली की दूध उतरायचं थांबतं आणि बळ परत अंगात जातं. ह्यात नजर नाही, करणी नाही, कुणाचं येणं-जाणं नाही.

मग वाट बघणं. विळा चुलीतच गार झाला. कोणी घरी जाईना. बऱ्याच वेळाने चंद्रीने एक कान हलवला. मग शेण टाकलं. मग मागचं धड उचललं, थरथरली, आणि त्या पांढऱ्या चारी पायांवर उभी राहून रेडीकडे बघून रेकली. तेवढ्यात तू घागर घेऊन आमच्या गाडीशी आलीस, माझा हात धरून मला खाली उतरवलंस, आणि भर अंगणात माझ्या पायांवर पाणी ओतून ते स्वतःच्या हाताने चोळून धुतलेस. धूळ गेली. मग मान वर करून तू जे म्हणालीस ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही, पण विसरलेही नाही.

“म्हशीचं चारी पाय पांढरं, ती पंचकल्याणी. अन् माझ्या नणंदंचं पाय बघा, मातीगत काळं. ह्यात पांढरं कुठं दिसलं रं तुमास्नी?”

अण्णाने बैल सोडले. पुढे चंद्रीला दोहायला डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा खरवस पातळच झाला, पण त्याची पहिली वाटी तू माझ्या हातात दिलीस. त्या वाटीनंतर मी त्या घरात पाहुणी राहिले नाही. शिकले, मास्तरीण झाले, आज माझ्या हाताखाली मुली लिहायला शिकतात, हे सगळं तुझ्या त्या घागरीतून आलं आहे. वहिनी, ह्याबद्दल आभार कसे मानायचे ते मला कळत नाही. मानते एवढंच.

आता खोंडाचं. भरमूला मी खोदून विचारलं. मागच्या फऱ्यावर सूज, दाबली की चरचर वाजायची, पाय उचलेना, अंगात ताप, आणि बघता बघता गेला. बाबगोंडा डॉक्टर नोकरीतून मोकळे होऊन इथेच राहतात, त्यांच्याकडे गेले. ते म्हणाले, ह्याला फऱ्या म्हणतात, रोग जमिनीतून येतो, पाऊस लागला की डोकं वर काढतो, आणि धरतो तो नेमकी तरणी, खाऊन-पिऊन माजलेली ढोरं. घरात कोणी आलं-गेलं काय, खोंडाला त्याने धरलंच असतं. उरलेल्या वासरांना लस टोचून घ्यायला सांगितलं आहे. बेळगावच्या दवाखान्याला त्यांनी चिठ्ठी धाडली आहे, माणूस येऊन जाईल, त्याला परत लावू नका.

आणि माझ्या घरात कोण आहे ते सांगते. तुझी नवी सून, परशरामची गुणा आहे. माझीच विद्यार्थिनी, मीच हे स्थळ सुचवलं होतं. माहेरी जायला तोंड नाही म्हणून सर्व्हिस मोटारीतून उतरून ती सरळ माझ्याकडे आली. तिला घरात कोणी काही बोललं असं ती एकदाही म्हणाली नाही. खोंड गेल्यावर गावात तीच जुनी कुजबुज झाली, घरातले सगळे गप्प झाले, आणि परशरामने न बोलता तिला मोटारीत बसवून दिलं, एवढंच म्हणाली. आत्ता ती चुलीपाशी बसून भाकरी थापते आहे आणि मी काय लिहिते हे विचारत नाही. खोंडासाठी तुझा जीव तुटला असेल, म्हणून त्या दिवसांत तुझ्या तोंडून शब्द फुटला नसेल. तू कोण आहेस ते मला ठाऊक आहे. सोमवारच्या मोटारीने मी तिला घेऊन येते आहे. दारात घागर भरून ठेव. पण ह्या वेळी पाणी तू ओतू नकोस, वहिनी, तुझी खेप होऊन गेली. घागर परशरामच्या हातात दे. परशरामा, वाचायचा थांबला असशील तर ही ओळ पुन्हा वाच, मोठ्याने.

जन्मभर तुझीच,
नागू