आठ हात आणि एकटी शालू

चि. कडुबास,

तुझ्या अक्काचा आशीर्वाद पोचावा. तुझा गुडघा कसा हाय, मेंढरांना चारा मिळतो का, सूनबाईचा खोकला गेला का, समदं कळव. माझं या वयात असावं तेवढं बरं हाय. टँकर आला तर आंघोळ, नाय आला तर नुसतं तोंड पुसायचं. आजूबाजूला मात्र रोज एक नवी बिल्डिंग उठती. (पाणी कुठून देणार इचारलं तर बिल्डर पोहायच्या टाकीचं चित्र दाखवतो. मुडदा.) फोन करणार होते, पण फोनवर तू मधीच बोलतोस. कागदावर तुला तोंड नाय.

कॉलेजासाठी माझ्याकडं ठेवलेली तुझी नात शालू सुट्टी लागली म्हणून घरी आली असं तुला म्हणाली असंल. सुट्टी-बिट्टी काय नाय. माझ्यावर रुसून आलीय. झालं असं की दर रविवारी तिचे कॉलेजातले मैतर आमच्या हॉलात खेळायला बसतात. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे गोष्टीतले शूर. चौकटीच्या कागदावर बाहुल्या मांडायच्या, फासा टाकायचा, आकडा मोठा आला की तलवार लागली. (तलवार कुठंच नसते. मी पलंगाखाली पण बघितलं.) गोष्ट सांगणारा हिमांशू, औरंगपुऱ्यातला, भला पोरगा. परवा त्याचा घसा बसला, तर मला म्हणतो, आजी, विहिरीतला राक्षस तुम्ही चालवा, त्याला आठ हात आहेत. धरा, ओढा, फेका, मग दुसऱ्याला धरा.

म्हटलं, धरायचं मला काय शिकवतो? कातरणीला मेंढी गुडघ्याखाली दाबण्यात जन्म गेला. पण कडुबा, धरावं कुणाला? तो मिहिर, त्यानं नुकतीच माझ्या हातची भाकर-ठेचा खाल्लेला. ताटात वाढलं त्याचाच गळा कसा आवळावा? दुसरी सई, लोकाची लेक, तिची आई काय म्हणंल? राहिली आपली शालू. घातले आठच्या आठ हात तिच्यावर.

पोरगी दर पाळीला फासा टाकी, आकडा यीना, मी सोडीना. अर्धी कातरलेली मेंढी कुणी सोडतं व्हय? बाकीचे विहिरीच्या काठावर नुसते उभे. हिमांशू घोगऱ्या आवाजात काकुळतीला आला, आजी, एखादा हात आमच्याकडे पण टाका, आम्ही रिकामे बसलोय. मी म्हटलं, बसा बाबांनो, पाणी प्या.

तिथं शालू भडकली. "व्हय, त्यांना माठातलं गार पाणी दे! मला रोज म्हणतीस, तांब्याभर पुरं. पाहुणे मोकळे, आन घरची तेवढी आवळायची!" फासा भिरकावला आन सकाळच्या गाडीनं खुलताबादला तुझ्याकडं निघाली. मी पण ताठ्यात, थांब म्हटलं नाय.

रडू-बिडू काय आलं नाय. पण सोमवारी टँकर आला, हंडे काठोकाठ भरले, आन ते रिते करायला घरात कुणी नाय. भरलेलं भांडं बघून एवढं वाईट या दुष्काळात कुणाला वाटलं नसंल. आपलं माणूस म्हणून हक्कानं धरलं. तिला दम घ्यायला जागा ठेवायची, ते ध्यानातच आलं नाय.

घरच्यांना आशीर्वाद.

तुझी अक्का,
भागाबाई

ता. क. शनिवारच्या गाडीत तिला बसवून दे. मी बोलावलं म्हणू नको, पेपर जवळ आलेत म्हण.

ता. क. दुसरा : येत्या रविवारी हिमांशूनं मला खेळात अजगर चालवायला दिलाय. सांगून टाकलंय, खेळ संपल्याबिगर कुणाला भाकर नाय. त्यांच्या पोटात माझं अन्न नसलं की मला कुणालाही धरता येतं.

ता. क. तिसरा : शालूला मात्र आधीच वाढणार हाय. हे तिला कळू देऊ नको, फुगून बसंल.