मालगुजाराच्या बागेत मी पऱ्हे उपटले त्याबद्दल

श्रीहरीभाऊंना केवळरामचा हात जोडून रामराम.

तुमचा गुडघा कसा आहे आणि घरच्या बाईंचा खोकला थांबला का, ते आधी कळवा. इकडे मी बरा आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. (बी.पी.ची गोळी रोज घेतो. कधी घेतली की नाही ते आठवत नाही म्हणून पुन्हा घेतो, आणि मग दोन झाल्या की काय या काळजीत दिवस जातो.) फोन न करता पत्र काऊन, असं तुम्ही म्हणाल. तुम्ही माझे साळे, म्हणून स्पष्ट लिहितो. तुम्ही चामोर्शीच्या टपरीवर बसून फोन मोठ्या आवाजात लावता, आणि माझी गोष्ट तुमच्या बहिणीला, म्हणजे आमच्या गिरजाला, चहा थंड व्हायच्या आत कळते. हे पत्रसुद्धा एकटे असताना वाचा. अक्षर चौथी पास माणसाचं आहे, सांभाळून घ्या.

आमची नात रोशनी शेतीची पदविका घेऊन नागभीडकडच्या एका जुन्या मालगुजारी घरी बागेच्या कामाला लागली, हे तुम्हाला माहीत आहे. घर चांगलं दुरुस्त करून ठेवलं आहे, लोक तिकीट काढून ते घर आणि भोवतालची बाग पाहायला येतात. मालकीण मनकर्णाबाई. दिवाळीपर्यंत काम पाहू, पटलं तर कायम ठेवू, असं त्यांनी रोशनीला सांगितलं आहे. पोरीने मला बोलावलं, "आबाजी, दोन दिवस या, बगीचे पाहा, मन रमल तुमचं." त्या दोन दिवसांना आता दीड महिना झाला. (मला इकडची हवा मानवली, असं गिरजाला कळवलं आहे.)

निघालो तेव्हा दहाची बस होती, मी सहालाच स्टँडवर जाऊन बसलो. गाडी लवकर सुटली तर काय करा. गडचिरोलीला रोशनी घ्यायला आली होती, तिला वाटेत एका नर्सरीतून रोपं न्यायची होती. तिथे नागपूरचं एक जोडपं मोहाचं रोप हातात धरून फार कौतुकानं पाहत होतं. मी न विचारता सांगितलं की घराजवळ लावू नका, फुलं पडली की अस्वल येते. त्यांनी रोप ठेवून दिलं. नर्सरीवाल्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी उगाच एका कुंडीची माती दाबत बसलो. ते जोडपं तिसऱ्या मजल्यावर राहते, हे रोशनीने मला गाडीत बसल्यावर सांगितलं.

मालगुजारी घराच्या फाटकात माझे पाय आपोआप थांबले. माझा आजा या असल्या घरासमोरून चपला हातात घेऊन जाई. मीही काढल्या आणि काखेत धरल्या. रोशनी म्हणाली, "आबाजी, इथी आता कोणी मालगुजार नाई. घाला चपला, लोक पाहून राह्यले." घाईत उजवी डाव्या पायात घातली आणि तशीच सगळी बाग फिरलो. गुलाब पाहिले, कमळाचं तळं पाहिलं, दगडी विहीर पाहिली, पण खरं सांगायचं तर पायाशिवाय काही आठवत नाही. मनकर्णाबाईंनी हळूच विचारलं, पायात काही दोष आहे का. मी म्हणालो, लहानपणापासून.

आता मुद्द्याचं लिहितो. घराच्या मागे रोशनीने रोवणीसाठी धानाची रोपं, आपले पऱ्हे, टाकले होते. पाच जुन्या जातींचे पाच पट्टे: चिन्नोर, दुबराज, काळी कमोद, लुचई आणि हिरानखी. प्रत्येकाच्या डोक्याशी नावाची टिनाची पाटी. दुसऱ्या दिवशी त्यांची वेगवेगळी रोवणी करायची, लोंब्या आल्या की बाहेरची मंडळी पाहायला येणार, आणि त्यावरच पोरीचं कायम व्हायचं ठरणार. हे सगळं तिने मला रात्री जेवताना सांगितलं होतं. मी हो हो म्हटलं होतं, पण माझं अर्धं लक्ष त्या खोट्या पायात होतं, उद्या लंगडायचं की नाही म्हणून.

सकाळी लवकर उठलो. पऱ्हे पाहिले तर नेमके रोवणीला आलेले. रोवणीच्या दिवशी पऱ्हे धानाच्या बांधीत पडलेले आणि आपण बाजेवर, असं माझ्या जन्मात झालं नाही. पोरीचं काम हलकं करू म्हणून कंबर बांधली आणि तिचा चहा व्हायच्या आत पाचही पट्टे उपटले. मुळं धुतली, जुड्या बांधल्या, आणि सगळ्या जुड्यांचा एकच सुंदर ढीग घातला. पाट्या मधे मधे येत होत्या म्हणून काढून एकावर एक रचल्या. काम इतकं देखणं झालं होतं की कोणी पाहायला येते का म्हणून मी उभाच होतो.

रोशनी आली. तिने ढीग पाहिला, पाट्या पाहिल्या, आणि बांधावर बसली. मग म्हणाली, "मले विचारलं काऊन नाई?" मी म्हणालो, "तू झोपली होती." श्रीहरीभाऊ, ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मग मी छातीवर हात ठेवून सांगितलं की साठ वर्षं धान केला, एकेक काडी निवडून देतो. दिवसभर बसून निवडलं. एकाचं बूड जांभळं, एकाच्या पानाला चोळल्यावर वास, एकाचं पान रुंद. रोशनी पाट्या लावत गेली, मी रोवत गेलो. आज धान मांडीला लागतो. मनकर्णाबाई येऊन पाहून जातात आणि खूश आहेत. एवढंच कळवायचं होतं. बाकी सर्व क्षेम. लहानांना आशीर्वाद.

तुमचा
केवळराम

ता.क. एवढंच कळवायचं नव्हतं. तीन जाती मी ओळखल्या. लुचई आणि हिरानखी मला शेवटपर्यंत ओळखता आल्या नाहीत. संध्याकाळ होत आली होती, पोरगी माझ्या तोंडाकडे पाहत होती, म्हणून अंदाजाने ही लुचई आणि ती हिरानखी असं ठणकावून सांगितलं. तेव्हापासून रोज बांधावर जाऊन बसतो, जसं काही पाहिल्याने धान बदलते. तुम्ही या दोन्ही जाती वर्षानुवर्षं घरी केल्या आहेत. लोंबी निघायच्या आत पाहुणे म्हणून या, बांधावरून सहज फिरा, आणि पाट्या चुकल्या असतील तर नुसतं खाकरा. मी पाट्या बदलतो. कोणाला कळणार नाही.

ता.क. दुसरा. कळलं. पाकिटावर पत्ता घालायला पत्र रोशनीला दिलं आणि ते बंद करायचं राहिलं. तिने सगळं वाचलं. मला वाटलं आता ही मला आजच बसमधे बसवते. ती म्हणाली, पऱ्हे टाकले त्याच रात्री वादळात दोन पाट्या पडल्या होत्या, लुचई आणि हिरानखीच्याच, आणि तिनेही त्या अंदाजानेच परत रोवल्या होत्या. "तुम्ही उपटले तवा मले तर बरंच वाटलं आबाजी, आता चूक तुमच्या नावावर जाईल म्हणून. मग रातभर लाज वाटली." म्हणजे दीड महिना आम्ही दोघं एकाच बांधावर बसून एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो. तुमचं खाकरणं तिला मंजूर नाही. येत्या सोमवारी ती मनकर्णाबाईंना सगळं सांगणार आहे, मग त्या ठेवोत की काढोत. मी म्हटलं, मी सांगतो. ती म्हणाली, तुम्ही सांगायला लागले तर दिवाळी होऊन जाईल. म्हणून ती बोलणार आणि मी तिच्या मागे उभा राहणार. माझ्या मागे कोणी नाही, तेव्हा तुम्ही रविवारीच या.