आल्बिनाच्या लग्नाला बॉडी की लेन्स

३ नोव्हेंबर
शेजारच्या आग्नेल अंकलनी आज सांगितलं, "चंदन, आमच्या आल्बिनाच्या लग्नाचे फोटो तूच काड रे. भायलो माणूस नको." माझी पहिली ऑर्डर. बाबा म्हणाले, "ह्या जमला नाय तर गप वैभववाडीक मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात." प्रश्नच येत नाही. माझे फोटो थोडे धूसर येतात, पण तो दोष लेन्सचा. नवी लेन्स घ्यायची. ठरलं.

९ नोव्हेंबर, सकाळ
लेन्स नाही, बॉडी, म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा. चर्चमध्ये उजेड कमी, जुन्या बॉडीत फोटोवर रवा सांडल्यासारखा दिसतो. ठरलं.
संध्याकाळ: लेन्स आयुष्यभर टिकते, बॉडी जुनी होते. यूट्यूबवरच्या दोघांचं यावर एकमत नाही. त्यांचं पटेपर्यंत थांबणं योग्य.

१७ नोव्हेंबर
आई म्हणाली, "व्हिडिओ बघतस त्या येळात बंदरावर जावन चार फोटो काड." चुकीच्या उपकरणावर सराव केला की हात बिघडतो, हे तिला समजावलं. ती बांगडे साफ करायला गेली.

२ डिसेंबर
देवळात कौल लावला. गुरवकाकांनी देवाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. मी म्हटलं, उजवी पडली तर लेन्स, डावी पडली तर बॉडी. गुरवकाका वैतागले. "देवाक दुकानदार समजलंस काय? एका टायमाक एकच इचार. उजवी म्हणजे होय, डावी म्हणजे नाय."
लेन्स विचारली. डावी. बॉडी विचारली. डावी.
"हातात आसा ताच वापर," गुरवकाका म्हणाले. त्यांना अर्थ नीट लागला नाही. देव माझ्या कॅमेऱ्याच्या कंपनीला नाही म्हणतोय. दुसऱ्या कंपनीची बॉडी घ्यायची.

२८ डिसेंबर
कुडाळहून नवी बॉडी आणली. जुनी एक्स्चेंजमध्ये दिली. लेन्स राखली, ती आयुष्यभराची. दुकानदार काहीतरी विचारत होता, पण एसटी सुटत होती. खोका उघडलेला नाही. खारी हवा लागते. लग्नाच्या आदल्या दिवशी उघडीन.

१० जानेवारी
लेन्स बसत नाही. नवी वस्तू घट्ट असतेच.
दुपार: दुकानदाराला फोन केला. कंपन्या वेगळ्या, तोंडं वेगळी, मध्ये अडॅप्टर लागतो. "त्या दिवशी मी ताच इचारी होतंय!" अडॅप्टर मागवला. चार दिवस लागतील. लग्न उद्या. आज आल्बिनाला नारळाचा रस लावायचा दिवस, आपल्या हळदीसारखा, घरभर आनंद. आजच सांगणं बरं दिसणार नाही.

११ जानेवारी
चर्चच्या पायरीवर सांगितलं. आग्नेल अंकल टाय सारखा करत आत गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आल्बिनाचा भाऊ डायलन म्हणाला, "तुझ्या कॅमेऱ्याक डोळो खंय रे?" मग त्यानेच सगळं लग्न मोबाइलवर काढलं. आल्बिनाने मलाही फोटोत ओढलं. गळ्यात बॉडी, तिच्या भोकावर झाकण. फोटोत माझा केस न् केस दिसतो.

१४ जानेवारी, वैभववाडी
मामाने दुकान दाखवलं. विचारलं, "बोल्टाक नट बसता की नाय, तां बघून गिऱ्हायकाक देशीत मां?"
विचार करून सांगतो म्हणालो.