मोझेस नसलेलं बायबल

६ ऑक्टो.
माझं सगळं फिरलं ते आज, सव्वाअकराला, लायब्ररीत. युनिव्हर्सिटी सेकंड इयरला सोडल्यापासून इथल्या कॅफेत कप विसळतोय. वर प्रदर्शन लागलंय. एक मुलगी लोकांना सांगत होती, वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी लंडनमध्ये वेगळं बायबल छापलं. मोझेस आपल्या लोकांना इजिप्तच्या राजाच्या, फेरोच्या, गुलामीतून सोडवून नेतो, ती गोष्टच गाळली. मालकाचं ऐका, हे ठेवलं.
मी ट्रे घेऊन उभाच. "मग त्यांना कळली कशी?"
"तोंडातोंडी. गाण्यांतून. ते म्हणायचे, ही आमचीच गोष्ट आहे."
नाओमी. तिची आजी जमैकाची. संपलो मी.

१५ ऑक्टो.
रोज ब्रेकमध्ये वर. आज तिने विचारलं, "आणि तुझे लोक?" तोंडून निघालं, "पुण्याचे. ब्राह्मण." पप्पांनी लहानपणीच पाठ करून घेतलंय. पण ते इथल्या मराठी मंडळातल्या लोकांसाठी. हिला काय फरक पडणार होता? गाढव आहे मी.

१९ ऑक्टो., रवि.
नाओमीच्या आजीच्या चर्चला. सत्तरीच्या बायका 'आम्ही इजिप्तमधून निघालो' म्हणतात, मागच्या महिन्यात घर बदलल्यासारख्या. आजी म्हणाली, "माझ्या पणजीच्या आजीला अक्षर येत नव्हतं. पण मालकाने ठेवलेलं नाव घरात उच्चारू द्यायची नाही. देवाने मला त्या नावाने बोलावलेलं नाही, म्हणायची." मग माझ्याकडे वळून, "इजिप्तच्या त्या गोष्टीत तुमचे लोक कोण रे?"
नाओमीच म्हणाली, "ग्रॅन, हे पुजारी लोक."
"म्हणजे फेरोच्या बाजूचे. असू दे, केक घे."
घेतला. माझ्या पणजोबांना गावच्या विहिरीवर जाता येत नव्हतं, हे दातांमागेच राहिलं.

२ नोव्हें.
नाओमी जेवायला. बेल वाजली तशी पप्पांनी बाबासाहेबांचा फोटो उतरवून कपाटात ठेवला.
"पप्पा, ती मंडळातली नाही."
"हात जातो रे आपोआप."
भिंतीवर फिकट चौकोन. तिने विचारलंच, तिथे काय होतं. "कॅलेंडर," पप्पा.
मग मला आवरलं नाही. कपाट उघडलं, सगळं सांगितलं, ओरडतच. पप्पा ताटात बघत राहिले.
ट्रॅम स्टॉपवर ती म्हणाली, "तुझी जात मला काय करायचीय? पण गाळलेली गोष्ट रोज माझ्याकडून ऐकलीस, आणि स्वतःची गाळलीस. ग्रॅनसमोर माझ्या तोंडून खोटं वदवलंस."
ट्रॅम आली.

८ नोव्हें.
नाओमीला तीन मेसेज. तिने वाचले, उत्तर नाही. कामावर दोन कप फोडले.
पप्पा स्वतःहून बोलले. "इथल्या पहिल्या ऑफिसात खरं सांगितलं होतं. कुणी काही बोललं नाही. फक्त आपली मराठी मंडळी जेवायला जायची, ती मला न सांगता." एवढंच.
भांडायची तयारी होती. कुणाशी भांडू?

१६ नोव्हें., रवि.
(ट्रॅममध्ये, चर्चला जाताना.) आजीला मीच सांगणार. नाओमीला विचारलेलं नाही. कदाचित त्यानेच उरलंसुरलं जाईल.
निघताना पप्पा दाराशी. "काय सांगणार?"
"कोण आहोत ते."
"त्या पोरीने उठून जायला सांगितलं तर?"
मी बुटाची नाडी बांधली.
"आणि आपलं मराठी कुणी भेटलं तिथे?"
"पप्पा, चर्च आहे ते."
"हो. तिथे कोण येणार." मग खुंटीवरचा कोट काढला. एक बाही घातली. माझ्याकडे बघितलं. पुन्हा काढली.
चला म्हणता आलं असतं. मी दार ओढून घेतलं.