पान अडतीसवरचा वाचक

६ एप्रिल, सकाळी ९.०५
मिहिरचा निरोप. मिहिर आमचा टीम लीड. ४ मेपासून सगळ्यांनी पुण्याच्या ऑफिसात बसायचं. छापील नोटिशीचा फोटो काढून त्याने व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. फोटो आडवा. शेअर्ड फोल्डर असताना.
रिमोट टीमला जमत नाही, असं नोटिशीत आहे. जमत नाही, कारण कुणाला फाइल नीट ठेवता येत नाही. मूळ दोष सापडला. निर्णय: मी डॉक्युमेंट लिहीन, मिहिर वाचेल, नोटीस मागे घेतली जाईल. मला संभाजीनगर सोडावं लागणार नाही. घाबरलेली नाही.

९ एप्रिल
डॉक्युमेंट तयार. इंग्रजीत, ४१ पानं. फाइलला नाव कसं द्यावं, आवृत्त्या, परवानग्या. पान ३८ वर मी इथूनच काम का करावं याची चार कारणं. चौथं: वडील ६८ वर्षांचे, घरी एकटे, त्यांना माझी गरज आहे. आईला जाऊन चौदा महिने झाले हे लिहिलं नाही. मुद्द्याशी संबंध नाही.
मिहिरला लिंक मेल केली. लिंक असलेल्या कुणालाही वाचता येईल, शेरा मारता येईल अशी ठेवली. असं करू नये, हे पान ६ वर मीच लिहिलंय. हा अपवाद.
लिंक लॅपटॉपवरून फोनवर घ्यायला 'घर' ग्रुपवर टाकली. व्हॉट्सॲपवर फाइल टाकू नये, असं पान ११ म्हणतं. पण लिंक म्हणजे फाइल नव्हे. ग्रुपमध्ये आई, बाबा, मी. आईचा नंबर काढायचा राहिलाय. सवडीनं काढेन.

१० एप्रिल, दुपारी ३.२०
वाचक आला. २.१५ ते ३.१०. लॉगिन न करता वाचणाऱ्याला हे टूल रोज एका प्राण्याचं नाव देतं. आज उंट. मिहिर ऑफिसचं खातं टाळून स्वतःच्या फोनवरून वाचतोय, हे उघड आहे. लीडने निर्णयाआधी कल दाखवू नये. आवडलं.

१३ एप्रिल
अरफाला सांगितलं. ती आमच्याच टीममध्ये, इथल्याच छावणी भागातल्या घरून काम करते. पुण्यात खोली बघून आलीसुद्धा. घाईच करते.
"सुन नीरजा, मिहिर एक्केचाळीस पानं वाचणार? तो आपले मेल सब्जेक्टच्या पुढं वाचत नाही."
आकडे दाखवले. सलग तीन दिवस, काल रविवारीसुद्धा, रोज सव्वादोन ते तीन. ती म्हणाली, मग जेवणानंतर झोप यायला वाचत असेल.
अरफाकडे पुरावा नाही.

१५ एप्रिल
पाणी आलं. बाबा दीड वाजल्यापासून टाकी, पिंप, बादल्या. वाचक नाही. पुण्यात मीटिंग असणार.

१७ एप्रिल
२.४० ला वीज गेली. वाय-फाय बंद, मी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. वाचकही (आज पाणघोडा) २.४० ला गेला. ३.२५ ला वीज आली. पाणघोडा ३.२७ ला परत. पुण्यात नेमकी त्याच वेळी वीज जाण्याची शक्यता कमी आहे, पण शून्य नाही. नोंद ठेवली.

२१ एप्रिल
जेवताना बाबांनी विचारलं, दोन माणसं एकाच वेळी एकाच कागदावर लिहायला लागली तर खाली सही कुणाची. मी म्हटलं, टीव्हीवर काहीही दाखवतात. बाबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, बत्तीस वर्षं फायली सांभाळल्या. माझ्या कामाविषयी त्यांच्याशी बोलत नाही. त्यांना त्यात काय कळणार. त्यांनी ताक वाढून घेतलं.

२३ एप्रिल
पाणी. वाचक नाही. पुण्यात दर आठव्या दिवशी मीटिंग असते असं दिसतं.

२४ एप्रिल
पहिला शेरा, पान ९ वर. इंग्रजीत, अर्थ असा: 'जुनी आवृत्ती नष्ट न करता बांधून ठेवावी, असे सुचवावेसे वाटते.' मिहिर एरवी फक्त अंगठा पाठवतो. त्याची भाषा सुधारतेय. डॉक्युमेंटचा परिणाम.

२६ एप्रिल
बाबा कालपासून फुलंब्रीला, प्रमोदिनीआत्याकडे. वाचकही दोन दिवस नाही. शनिवार-रविवार मिहिर अखेर विश्रांती घेतोय. घ्यावी.
दोन्ही दिवस ब्रेड खाल्ला. एकटीसाठी कुकर लावण्यात अर्थ नाही. टीव्ही चालू ठेवला, बाबांची मालिका चुकू नये म्हणून.

२८ एप्रिल, दुपारी ३.१५
वाचक पान ३८ वर. पन्नास मिनिटं हलला नाही. निर्णय होतोय.
३.०५ ला शेरा, कारण चौथ्यापाशी: 'वस्तुस्थिती उलट असल्याचे दिसते. खात्री करून फेरसादर करावे.'
तीनदा वाचला. मिहिर बाबांना कधी भेटलेला नाही.

२९ एप्रिल
मिहिरला फोन केला. आधी विचारलं, कुठलं डॉक्युमेंट. मग आठवलं. मोठं होतं ना ते, उघडलंच नाही, पाच ओळींत व्हॉट्सॲप कर. टेबलं लावून झालीत, तुझं खिडकीपाशी आहे, असंही म्हणाला. आभार मानले.
मग तारखांचा तक्ता केला. एका रकान्यात वाचक, शेजारी पाणी, वीज, फुलंब्री. चार मिनिटांत झाला. वीस दिवस लागायला नको होते.

३० एप्रिल, दुपारी २.५०
बाबांच्या खोलीचं दार अर्धं उघडं. ते कॉटवर, चष्मा नाकाच्या टोकाला, हातात आईचा फोन. त्यातल्या सिमचं रिचार्ज नाही, तो फक्त घरच्या वाय-फायवर चालतो. चार्ज मात्र पूर्ण. चौदा महिने.
आत गेले नाही. टेबलापाशी येऊन कारण चौथं दुरुस्त केलं: वडील ६८ वर्षांचे, मला त्यांची गरज आहे. शेऱ्याखाली लिहिलं, दुरुस्ती केली.
दोन मिनिटांनी खाली आलं: 'पाहिले.' आजचं नाव कासव.
मग आतून आवाज आला, "नीरू, जाताना छोटा कुकर ने. एकटीला तो पुरतो."
हो म्हटलं.
नोटीस कायम. बसचं तिकीट काढलं, रविवारचं. आईचा नंबर ग्रुपमध्ये तसाच ठेवला. लिंकची परवानगीही. वाचक पान ४० वर आहे, एक पान राहिलंय.
उद्या पाणी येणार. वाचक येणार नाही.