आजोबांच्या मित्राचं तेल

प्रिय बबडे,

फोनवर बोलायला घेतलं की मला आधी रडू येतं आणि मग बिल दिसतं, म्हणून लिहिते आहे. तुझ्या लेकीला, माझ्या चिमणीला, परवा पुन्हा फीट आली, या खेपेला जेवताना, हे मला जावईबापूंकडून कळलं. सोमवारी काय करायचं ठरलंय तेही कळलं, पण ते पत्राच्या शेवटी लिहिते. आई घाबरेल म्हणून तू मला काही सांगत नाहीस. अगं, मी इथे घाबरण्यावाचून दुसरं करते काय! देवापुढे बसते, ते वेगळं.

तू मागे विचारलं होतंस, डॉक्टर म्हणताहेत, घराण्यात कुणाला असा त्रास होता का? मी ताडकन सांगितलं, माझ्या माहेरी नाही आणि ह्यांच्यातही कुणाला नाही. तेव्हा तुझे बाबा समोर पेपर उघडून बसले होते. चहा घेऊन गेले, कप उचलायला गेले, तरी पान तेच. माझ्या मनात पाल चुकचुकली.

मग मला बाबांची आत्या आठवली, आजोबांची पाठची बहीण. घरात तिला धाकटी म्हणत. मी लग्न होऊन आले तेव्हा एवढंच कानावर आलं होतं की ती ऐन तारुण्यात तापाने गेली आणि तिचा विषय काढायचा नाही. संध्याकाळी दिवा लावला की मी घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घेते, लहानपणी तूही माझ्याबरोबर घ्यायचीस. त्यात शेवटची धाकटी. म्हटलं, मृत्यूच्या नोंदीत कारण लिहिलेलं असतं. ताप तर ताप, एकदा डोळ्यांनी बघावं आणि तुला निर्धास्त करावं.

नोंदणी कार्यालयातला कारकून भला निघाला. त्याने एक बाड काढलं, मग त्याच्या आधीचं, मग नंतरचं. धुळीने आम्ही दोघंही शिंकून बेजार. आजोबांचे वडील सापडले, आई सापडली, नाव ठेवायच्या आत गेलेला एक भाऊसुद्धा सापडला. धाकटी नाही. पुन्हा गेले तर तो वैतागून म्हणाला, मावशी, मेलेल्यांत नाही म्हणजे जिवंत असेल, घरी जाऊन नीट बघा! मीही हसले. जिना उतरेपर्यंत हसत होते.

जेवताना बाबांना हे गंमत म्हणून सांगितलं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. म्हणाले, आमचे वडील दर महिन्याला पिशवी घेऊन कुठे जायचे, कधी विचारलंस? मी म्हटलं, मित्राकडे. ते म्हणाले, तो मित्र आपल्याकडे कधी आला?

बबडे, ती पिशवी मी भरायची. अंगाचा साबण, एखादा टॉवेल आणि केसांच्या तेलाची बाटली. आजारी मित्र आहे, त्याला कुणी नाही, असं आजोबा सांगायचे. महिन्याला अख्खी बाटली! मी स्वतःच्या केसांना तेल थेंबाथेंबाने लावणारी. मी बाबांना म्हणायचे, ह्या मित्राला एकदाचं टक्कल पडू दे, म्हणजे आपण सुटू. तू किती हसायचीस त्यावर!

आजोबांना पिशवी घेऊन शहराबाहेरच्या मनोरुग्णालयाच्या बसमध्ये चढताना बाबांनी एकदा पाहिलं होतं, विचारलं मात्र कधी नाही. आम्ही तिथे जाऊन आलो. बाबा फाटकाशीच बसले, आत आले नाहीत. मीही ओढलं नाही. आतल्या माणसाने बराच वेळ लावून तिचे कागद काढले. वडिलांनी आणून सोडलेली, तेव्हा एकोणीस वर्षांची. आजार, फीट. दुसरं काही नाही. खाली वेगवेगळ्या अक्षरांत वेगवेगळ्या डॉक्टरांनी एकच लिहिलं होतं, मन ठीक आहे, घरी नेण्यास हरकत नाही. न्यायला कुणी आलं नाही. आजोबा भेटून यायचे तेवढंच. बहीण गेली असं एकदा जगाला सांगून झाल्यावर तिला हाताला धरून दारातून आत कशी आणणार? त्यांनी तिथे पत्ताही घरचा न देता ऑफिसचा दिला होता. त्यामुळे आजोबा वारले हे तिकडे कळलं नाही, आणि ती आहे हे आपल्याला कळलं नाही. त्यांच्यामागे ती नऊ वर्षं जगली.

तिथल्या एक जुन्या आया भेटल्या. त्या म्हणाल्या, भेटीचा वार आला की म्हातारी बाकावर जाऊन बसायची. आम्ही म्हणायचो, चल गं, जेवण गार होतंय. तर म्हणायची, थांब, दादाला उशीर झाला असेल, मी दिसले नाही तर परत जाईल तो. तेल संपलेलं, मग पाणी लावूनच केस चापून बसवायची.

तेव्हापासून दिवा लावते, पण तोंडून नावं निघत नाहीत. इतकी वर्षं मी एका जिवंत बाईच्या आत्म्याला शांती मागत होते. रोज, न चुकता, अगदी मनापासून. ती तिकडे बाकावर, आणि मी इकडे देवाला सांगते आहे की तिला तुझ्यापाशीच ठेव. देवाने माझं ऐकलं तर नसेल ना गं? बाबा म्हणतात, काहीतरीच काय बोलतेस. पण ते म्हणताना माझ्याकडे बघत नाहीत.

आता सोमवारचं. चिमणीला फीट येणाऱ्या मुलांच्या त्या संस्थेत ठेवायचं, आणि कुणी विचारलं तर हॉस्टेलवर शिकायला घातली म्हणायचं, नाहीतर पुढे तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न जमणार नाही, असं तुझ्या सासूबाईंचं म्हणणं. त्यांचा मला राग नाही. आपल्या घरातही असंच सांगायला सोपं काहीतरी शोधलं होतं, ताप. तू डॉक्टरांना सांग, आहे, आमच्या घराण्यात आहे. चिमणीची पिशवी भरून झाली असेल तर रिकामी करू नकोस, तशीच उचल आणि तिला इकडे घेऊन ये. शाळा आपल्या कोपऱ्यावरच आहे. गोळ्या मी वेळेवर देईन, आणि कुणी विचारलं तर फीट येते म्हणून सांगेन, दारात उभी राहून सांगेन. परवा बाबा बाजारातून केसांच्या तेलाची बाटली घेऊन आले. कुणासाठी, ते मी विचारलं नाही. फडताळात ठेवली आहे, झाकण अजून उघडलेलं नाही.

वाट बघणारी, तुझीच,
आई